हॅकर कोणाचा कोण?

जाडजूड कादंबरीच्या सुरुवातीलाच पात्रांची यादी छापलेली दिसली की समजावं, ह्यात कोण कोण आहे हे प्रकाशकाच्याही लक्षात राहिलेलं नाही. नाटकाच्या पुस्तकात अशी यादी असते ते ठीक. तिथे माणसं रंगमंचावर चालत येणार असतात, निदान पगडीवरून आणि आवाजावरून ओळखू येतात. सायबर दहशतवादावरच्या थरारकादंबरीत मात्र यादीत चाळीस नावं, त्यांतली दहा रशियन, आणि प्रत्येक रशियनाला तीन-तीन नावं. चौथं टोपणनाव, ते फक्त इंटरनेटवर वापरायचं.

ह्या कादंबऱ्यांचा साचा आता पाठ झाला आहे. प्रकरण पहिलं: बाल्टिक समुद्राकाठची कडाक्याची थंडी, अंधारी खोली, एक कृश तरुण कीबोर्डवर बोटं नाचवतो आहे. प्रकरण दुसरं: लँग्ली, व्हर्जिनिया, पहाटेचे ३ वाजून १४ मिनिटं. (कट सव्वातीनला शिजला असं कुठल्याही लेखकाने लिहिलेलं मला आठवत नाही.) प्रकरण तिसरं शांघायला, चौथं दुबईला. पाचव्यात न्यूयॉर्कच्या एका इमारतीतला सुरक्षारक्षक येतो. त्याचं बालपण, त्याचा घटस्फोट, त्याची गुडघेदुखी, मुलीच्या वाढदिवसाला सुट्टी काढतो म्हणून दिलेला शब्द, हे सगळं आपण अडीच पानं वाचतो, माणसाला जीव लावतो, आणि तिसऱ्या पानाच्या मध्यावर त्याला गोळी लागते. पुन्हा त्याचा उल्लेख नाही. मुलीचाही नाही. वाढदिवसाचं काय झालं ही रुखरुख घेऊन आपण सहाव्या प्रकरणात शिरतो, तर तिथे पहिल्या प्रकरणातला कृश तरुण उभा. एव्हाना त्याला आपण विसरलेलो. मागे जाऊन पाहावं तर तिकडे त्याचं खरं नाव दिलेलं आणि इकडे टोपणनाव.

डॅन ब्राउनची पहिली कादंबरी ‘डिजिटल फोर्ट्रेस’ १९९८ सालची. तीस लाख प्रोसेसर जोडलेलं एक अवाढव्य यंत्र, ते जगातला कुठलाही सांकेतिक संदेश फोडतं. एक संदेश काही केल्या फुटत नाही. मग अमेरिकेत दोघं-तिघं एकमेकांवर संशय घेतात, जपानात एक उद्योगपती फोनची वाट बघतो, स्पेनमध्ये भाषांचा एक प्राध्यापक मेलेल्या माणसाची अंगठी शोधत हिंडतो, आणि अंगठी ज्याच्या ज्याच्या हाताला लागते तो तो वर जातो. एवढं सगळं करून शेवटी कुलूप उघडणारा परवलीचा शब्द निघतो: ३. तीन! डोंगर पोखरून उंदीर म्हणतात तो हाच. ज्यांनी वाचली नसेल त्यांचा मी रसभंग केला, पण पाव शतक उलटून गेलं, आता किती वाट बघायची?

त्याहून दाटी २०१८च्या ‘द प्रेसिडेंट इज मिसिंग’मध्ये. लेखक दोन: जेम्स पॅटरसन आणि चक्क बिल क्लिंटन. अमेरिकेतलं सगळं काही पुसून टाकणारा व्हायरस सुटणार आहे, तर खुद्द राष्ट्राध्यक्ष वेषांतर करून हॅकरला भेटायला निघतो. मागे एक मारेकरी बाई, ती बाखचं संगीत ऐकत नेम धरते. पुढे इस्रायल, जर्मनी, रशिया इथले बडे नेते एका घरात जमतात. मला त्यात नवल वाटलं नाही. ज्याने आठ वर्षं मंत्रिमंडळाच्या बैठका घेतल्या त्याला रिकामी खुर्ची बघवायची नाही. आपल्याकडेही पुस्तक प्रकाशनाला व्यासपीठावर सतरा मान्यवर नसले तर आयोजकाला चुकल्याचुकल्यासारखं होतंच.

आमच्या पिढीला ही गर्दी जड जाते, कारण आम्ही अर्नाळकरांवर वाढलो. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, पण एकेका कथेतली माणसं हातापायांच्या बोटांवर मोजून बोटं उरायची. डिटेक्टिव्ह धनंजय, त्याचा छोटू, नाहीतर झुंजार, नाहीतर काळा पहाड. एक खून, एक तिजोरी, एक भरधाव मोटार. नगरच्या एसटी स्टँडवर पुस्तक उघडलं की पुणं यायच्या आत खुनी सापडायचा. पुढे गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद आला, त्यांनाही पानं मोजूनच मिळायची. चार आणे भाडं देऊन दुसऱ्या दिवशी पुस्तक परत करणाऱ्या वाचकापुढे सुरक्षारक्षकाच्या गुडघेदुखीला जागा नव्हती.

आता मुद्द्याचं. सावेडीला राहणारे आमचे एक मित्र आहेत. बँकेतून निवृत्त झाले, सगळा गोतावळा त्यांना भाऊ म्हणतो. मराठीत फोर्साइथपासून रॉबिन कुकपर्यंत जेवढी भाषांतरं आली तेवढी त्यांनी वाचली आहेत, आणि नगर जिल्ह्यावर आजवर एकही सायबर थरारकादंबरी नाही ह्याचं शल्य त्यांच्या मनात होतं. ते त्यांनी साडेपाचशे पानांत काढलं आणि ते बाड माझ्या दारात आणून ठेवलं.

“भाऊ, माणसं जरा जास्त झाली का हो ह्यात?” मी आठवड्याने विचारलं.

“किती झाली?”

“मी एकाहत्तरपर्यंत मोजली.”

“म्हणजे तुमचं अजून मध्यंतरच चाललंय.”

नावांचा घोळ वेगळाच. लष्करातला रणजित, गुप्तचर खात्यातला रणवीर आणि फितूर निघालेला रणधीर. रणवीर मेला त्या प्रकरणाला मला रणधीर मेल्याचा आनंद झाला, आणि पुढे चाळीस पानं मी निर्धास्त होतो. भाऊंना सांगितलं तर म्हणाले, “ते मुद्दाम आहे. शत्रूचाही असाच गोंधळ होतो.”

एक मात्र खरं, थरारकथेला लागणारा माल नगरला भरपूर आहे. भुईकोट किल्ला आहे, तिथे १९४२ ते ४५ नेहरू, पटेल, मौलाना आझाद कैदेत होते आणि नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ तिथेच लिहिलं. रणगाड्यांचं प्रशिक्षण केंद्र आहे, रणगाड्यांचं संग्रहालय आहे, के. के. रेंजवर तोफगोळ्यांचा सराव चालतो, लष्करी वाहनांवर संशोधन करणारी संस्था आहे. भाऊंनी गुप्त सर्व्हर किल्ल्याच्या तळघरात ठेवला आहे. किल्ला लष्कराच्या अखत्यारीत, त्यामुळे मनात आलं की जाऊन तळघर तपासावं अशी सोय वाचकाला नाही, हे त्यांच्या पथ्यावरच पडलं. दुसरी एक गंमत त्यांनी न ठरवता झाली. कादंबरी अर्धी लिहून झाली आणि २०२४मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. भाऊंनी पुढची प्रकरणं नव्या नावाने लिहिली, मागची तशीच ठेवली. परिणामी अमेरिकेतल्या विश्लेषक बाईंना उपग्रहावरून दोन स्वतंत्र लक्ष्यं दिसतात, आणि त्या दोन तुकड्या पाठवतात. ती चूक दुरुस्त करू नका असं मी भाऊंना हात जोडून सांगितलं आहे. सगळ्या पुस्तकातला तेवढाच धागा मला नीट समजला.

अडचण आली ती हल्ल्याची. परदेशी कादंबरीत हॅकर वीज बंद करतो आणि पाचशे पानं हाहाकार चालतो. भाऊंचा हॅकर रात्री दोन वाजता राहुरी तालुक्याची वीज घालवतो. आता, शेतीपंपाला वीज रात्रीच मिळणार असेल तर त्या वेळी शेतकरी बॅटरी घेऊन, बिबट्याच्या भीतीने खोकत-खाकरत विहिरीकडे निघालेला असतो. वीज गेल्याचं पाहून तो अंथरुणात परत शिरतो. त्याला ह्या कटात दहशत कुठे आहे ते दिसत नाही. मग हॅकर महसूल खात्याच्या यंत्रणेत घुसतो. सातबारा काढायला गेलेल्या माणसाला खिडकीतून उत्तर मिळतं, “सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.” म्हणजे हल्ल्याच्या आदल्या दिवशी मिळालं होतं तेच. मग तो साखर कारखान्याचा वजनकाटा ताब्यात घेतो आणि उसाचं वजन कमी दाखवू लागतो. त्यावर गव्हाणीपाशी उभा असलेला एक म्हातारा नुसता हसतो. त्या हसण्याला भाऊंनी अख्खं एक पान दिलं आहे, आणि ते पान फार चांगलं उतरलं आहे.

शेवटचा, सगळ्यात भयंकर हल्ला म्हणजे मुळा आणि भंडारदरा धरणांचे दरवाजे एकदम उघडतात. इथे भाऊंना वाटलं, आता वाचक शहारणार. मी म्हटलं, “भाऊ, ते पाणी कुठे जाणार?”

“कुठे म्हणजे? खाली. जायकवाडीत.”

“मग मराठवाड्यात त्या हॅकरचा नागरी सत्कार होईल. आणि आपल्याकडचे पुढारी समन्यायी पाणीवाटपाचा कायदा घेऊन हायकोर्टात जातील. दहशतवादी नंबर एकचा प्रतिवादी, पाटबंधारे खातं नंबर दोनचं.”

भाऊ विचारात पडले. मला भीती वाटली, ते हायकोर्टाचीही पात्रं वाढवणार.

सायबर हल्ल्याला आधी सुरळीत चालणारी व्यवस्था लागते, हे ह्या लेखकांच्या ध्यानात येत नाही. मुंबईला ती आहे, म्हणून तिथला हल्ला लगेच दिसतो. आणि तरी तोही सिद्ध होत नाही. १२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी दहाच्या सुमाराला मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. पुढे फेब्रुवारी २०२१च्या शेवटी एका अमेरिकी कंपनीचा अहवाल आला की चीनशी संबंधित हॅकरांनी भारताच्या वीजयंत्रणेत शिरकाव केला होता. आपले तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख म्हणाले, घातपाताची शक्यता दिसते. दिल्लीहून ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, छे, मानवी चूक. आता कादंबरीकाराने काय करावं? साठ पात्रांचा चिनी कट उभा करायचा आणि शेवटच्या प्रकरणात निघायचं काय, तर कोणाकडून तरी काहीतरी राहून गेलं.

खरा गुंतागुंतीचा गुन्हा आपल्याकडे घडला तो वेगळाच, आणि पुण्यात. कॉसमॉस बँक, शंभरी ओलांडलेली सहकारी बँक. ऑगस्ट २०१८. ११ तारखेला, शनिवारी, चोरांनी एटीएमच्या व्यवहारांना होकार-नकार देणाऱ्या यंत्रणेच्या जागी स्वतःची खोटी यंत्रणा बसवली. कार्ड कुठलंही येवो, उत्तर ‘द्या पैसे’. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे निघाले. सोमवारी १३ तारखेला आणखी जवळजवळ चौदा कोटी हाँगकाँगच्या एका खात्यावर गेले. सगळे मिळून ९४ कोटींच्या वर. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी नंतर बोट दाखवलं ते उत्तर कोरियाकडे, आणि त्या शनिवारच्या कार्डवाल्या पोरांचे चेहरे दिसले ते कोल्हापूरच्या एटीएममधल्या कॅमेऱ्यात. एप्रिल २०२३मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना शिक्षा दिली. प्याँगयांग ते कोल्हापूर! कुठल्या कादंबरीकाराने हे लिहिलं असतं तर संपादकाने ‘अतिरंजित’ म्हणून परत पाठवलं असतं.

हे प्रकरण मी नेवाशाच्या माझ्या आत्याला सांगितलं. आत्या सत्तरी पार केलेली, समोर सुपात शेंगा, हात फोडतायत, कान माझ्याकडे. तिने मध्ये एकदाही ‘हा कोण?’ विचारलं नाही. शेवटी म्हणाली, “म्हंजी ऊसतोडीच्या टोळीवानीच की रं. कारखानदार लांब बसलेला, त्याला कोणी बघितला नाही. मधी मुकादम. त्यानं उचल द्यायची आन् पोरं गोळा करायची. कोयता पोरांच्या हातात, म्हून पोलिसाला पोरंच घावली.” पाथर्डी-शेवगावच्या टोळ्या दर हंगामाला कोल्हापूर-सांगलीकडे जाताना पाहिलेल्या बाईला आंतरराष्ट्रीय सायबर गुन्ह्याची रचना दोन वाक्यांत उमगली. सर्व्हर, मालवेअर वगैरे शब्दांवाचून तिचं काहीएक अडलं नाही.

मग धीर करून मी तिला भाऊंच्या कादंबरीतलं एक प्रकरण वाचून दाखवलं. निळसर डोळ्यांची, उजव्या भुवईवर व्रण असलेली, सात भाषा बोलणारी एक बाई शिर्डीच्या विमानतळावर उतरते. आत्याने शेंग फोडायची थांबवली.

“कोणाची कोण?”

“ते पुढे कळतं. तिच्या भुवईवर व्रण आहे.”

“व्रण राहू दे. माहेर कुठलं? इथं कोणाकडं उतरली?”

“हॉटेलात.”

“एवढ्या लांबून आली आन् सोयरं-धायरं कोणी न्हाई?” आत्याचा त्या बाईवरचा विश्वास तिथेच उडाला. संशयही उडाला, हे जास्त वाईट. ती पुन्हा शेंगांकडे वळली.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माणसं फार झाली अशी तक्रार मी उगाच करत होतो. ह्याच आत्याला कारखान्याच्या निवडणुकीतली दोन्ही पॅनलं, चाळीसेक उमेदवार, वर बंडखोर आणि माघार घेतलेले सगळे तोंडपाठ असतात. कुकाण्याचा अमका हा तमक्याचा साडू. त्याचा चुलता त्या पॅनलला, हा ह्या पॅनलला, आणि घरात चूल एकच. गेल्या वेळी ह्याला पाडला तो ह्याच्याच व्याह्याने. आमच्या जिल्ह्याचं राजकारण म्हणजे अकोल्यापासून जामखेडपर्यंत चौदा तालुक्यांची एक कादंबरीच आहे. २०१९ सालचं प्रकरण आठवा. विधानसभेत काँग्रेसचे विरोधी पक्षनेते राधाकृष्ण विखे पाटील, आणि मार्चमध्ये त्यांचे चिरंजीव सुजय भाजपमध्ये जाऊन नगरमधून लोकसभेला उभे! निवडून आले, आणि जूनमध्ये वडीलही भाजप सरकारात मंत्री. एवढी कलाटणी क्लिंटन आणि पॅटरसन मिळूनही देऊ शकले नाहीत, आणि जिल्ह्यातल्या एकाही माणसाला मागची पानं उलटून बघावी लागली नाहीत. चहाच्या टपरीवरचा पोऱ्या पुढचं प्रकरणही सांगत होता.

थरारकादंबरीतला माणूस कोणाचाच कोणी नसतो. त्याला डोळ्यांचा रंग असतो, पिस्तुलाची जात असते, भूतकाळात एक मोहीम फसलेली असते. पण तो मेला तर सुतक कोणाला, हे लेखकाला माहीत नसतं. मग वाचकाने तरी त्याला कुठल्या खुंटीला टांगावं?

शनिशिंगणापूरचंच बघा. घरांना दारं नाहीत, कुलपं नाहीत म्हणून गावाची जगभर ख्याती. २०११मध्ये तिथे युको बँकेने शाखा उघडली तीसुद्धा काचेच्या दाराची, डोळ्यांना कुलूप दिसणार नाही अशी. भाऊंनी अर्थातच आपल्या हॅकरला तिथे नेलं आणि चाळीस पानं शनीच्या कोपाशी झुंजवलं. प्रत्यक्षात २०२५मध्ये तिथल्या देवस्थानाच्या नावाने बनावट ॲपवरून भाविकांचे पूजेचे पैसे परस्पर वळवल्याचं प्रकरण थेट विधानसभेत गाजलं, आणि त्याच चर्चेत कागदोपत्री दाखवलेल्या कर्मचाऱ्यांच्या फौजेचा विषय निघाला. पात्रांची संख्या फुगवण्यात कादंबरीकारांची मक्तेदारी आहे असा माझा समज होता, तो त्या दिवशी गेला. बाल्टिक समुद्राकाठचा कृश तरुण मात्र त्यात कुठेच नव्हता.

मी आत्याचा निकाल भाऊंना जसाच्या तसा कळवला. माणसं कमी करायची गरज नाही, म्हटलं, फक्त कोणाचा कोण ते सांगा. भाऊ निमूट ऐकून घेऊन गेले आणि दिवाळीनंतर नवा खर्डा घेऊन आले. नऊशे पानं. भुवईवर व्रण असलेली बाई आता श्रीगोंद्याची भाची आहे, आई कामाला म्हणून परदेशी गेली आणि तिकडचीच झाली. बाल्टिकचा हॅकर तिचा दीर. कर्नल रणजितची धाकटी बहीण पाथर्डीला दिली आहे, आणि तिचे सासरे ऊसतोडीचे मुकादम, त्यांच्यामार्फत कार्ड घेऊन पोरं पाठवली जातात. पेंटागॉनमधल्या विश्लेषक बाईंचा गुरुभाऊ शिर्डीला आहे. आणि सगळ्यांना एका ठिकाणी आणण्यासाठी भाऊंनी फितूर रणधीरचं लग्न काढलंय. मंगलाष्टकांच्या शेवटच्या कडव्याला जिल्ह्यातले सगळे मोबाइल एकदम बंद पडतात, तोच कादंबरीचा कळसाध्याय.

हा खर्डा आत्याने स्वतः मागून घेतला, चष्मा लावून तीन दिवसांत वाचला. एकाबद्दलही तिने ‘हा कोण’ म्हणून विचारलं नाही. चौथ्या दिवशी सकाळीच फोन.

“त्या भाऊंना सांग, बाकी झकास. पर हे लगीन व्हायचं न्हाई.”

“का गं आत्या? कटाचा सुगावा लागला का?”

“कट गेला चुलीत. नवरा-नवरीचं देवक एकच हाये.”

भाऊंना मी ते कळवलं. त्यांनी डोक्याला हात लावला, साडेतीनशे पानं त्या मांडवावर उभी होती. पण माणूस जिद्दीचा. गेल्या महिन्यापासून वधू-वर सूचक मंडळात खेपा घालतायत, फितूर रणधीरसाठी दुसरं स्थळ बघायला.